खिडकीतले बंदर आणि ताटातले अन्न

२०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झालेल्या आमच्या पांढुर्ण्यात चिनी पाकशास्त्राची ओळख होते ती हातगाडीवर. खाली भडकलेली ज्वाला, वर लोखंडी कढई, आणि तांबड्यालाल रश्श्यात बुडालेले कोबीचे गोळे. या पदार्थास मंचुरियन म्हणतात. मांचुरियाशी त्याचे नाते नावापुरतेच. त्याचा मूळपुरुष, म्हणजे कोंबडीचा मंचुरियन, नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लबच्या मुदपाकखान्यात सिद्ध केला असे सांगतात. आम्ही त्याची निंदा करीत नाही. थंडीच्या रात्री तो जिभेस बरी ऊब देतो. परंतु हाच एक संस्कार घेऊन आम्ही गेल्या माघात हाँगकाँगला कन्येकडे गेलो, आणि तिने एका संध्याकाळी आम्हांस कँटनी उपाहारगृहात नेले, तेव्हा ढोलकीच्या फडातून उठून आलेल्या माणसास एकदम ध्रुपदाच्या बैठकीत बसवावे तशी आमची गत झाली.

कँटन म्हणजे दक्षिण चीनमधील आजचे क्वांगचौ. तेथील पाकपरंपरेचा मुख्य दंडक असा की जिन्नस ताजा असावा आणि स्वयंपाक्याने त्याच्या अंगची चव झाकू नये. आले, कांद्याची पात, सोयाबीनचा खारट रस, थोडे तेल. मग वाफ तरी, नाही तर प्रखर आच तरी. कढईतून नुकत्याच उतरलेल्या पदार्थास जो किंचित धुरकट गंध येतो त्यास ते लोक ‘वोक हे’, म्हणजे कढईचा श्वास, म्हणतात. नाव यथार्थ आहे, कारण तो श्वासाइतकाच टिकतो. वाफवलेल्या पदार्थाचेही तेच. आपली पुरणपोळी दुसऱ्या दिवशी अधिक खुलते, ज्वारीची भाकरी फडक्यात बांधून शेतावर नेता येते. कँटनी पदार्थ मात्र समोर आला की त्याच क्षणी खावा लागतो. आमची पुढील तक्रार वाचताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

उपाहारगृह कौलूनच्या बाजूस, बरेच उंचावर होते. एका बाजूची भिंत सगळीच काचेची. समोर व्हिक्टोरिया बंदर, पाण्यावर ये-जा करणाऱ्या नौका, पलीकडे हाँगकाँग बेटावरील उत्तुंग इमारती आणि त्यांच्या पाठीशी काळोखात विरत जाणारा डोंगर. देखावा खरोखर अपूर्व होता, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. चहाही उत्तम होता. कुणी पेल्यात चहा ओतला की दोन बोटे मेजावर हलकेच वाजवून आभार मानावयाचे, आणि किटलीत पाणी हवे असल्यास झाकण उलटे ठेवावयाचे, हे दोन शिष्टाचार कन्येने शिकविले. न बोलता बोलण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

मग आठ वाजण्यास दोन-तीन मिनिटे असताना आल्याच्या बारीक काड्या घातलेला, वाफवलेला सोयाबीनचा पनीर मेजावर आला, आणि त्याच सुमारास दालनातील दिवे मंद झाले. २००४ सालापासून त्या बंदरावर रात्री आठ वाजता इमारतींवरील दिव्यांचा खेळ होतो. सारे दालन खिडकीकडे वळले, फोन वर झाले, वाढपीसुद्धा हात बांधून उभे राहिले. आम्हीही पाहिलेच. खेळ संपून दिवे उजळले तेव्हा पनीर कोमट झाला होता, आणि कोमट पनीर म्हणजे ज्यातून गायक उठून गेला आहे असा तंबोरा. स्वयंपाक्याचा यात काही दोष नव्हता. त्याचे काम आम्ही उरल्यासुरल्या उबेवरूनही ओळखले. दोष योजनेचा. जे अन्न थांबू शकत नाही, त्यास थांबावयास लावणाऱ्या देखाव्याशेजारी बसविले की दोहोंपैकी एकाचा बळी जावयाचाच, आणि बिलावरून पाहता तेथील मालकाने कोणाचा बळी द्यावयाचा हे आधीच ठरविलेले दिसते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आमच्या वहिनी शनिवारी जामसावळीच्या मारुतीचे दर्शन न चुकविणाऱ्या, कडक शाकाहारी. (किनारपट्टीच्या आमच्या वाचकांनी येथे स्मित करू नये.) हिरवी पालेभाजी आली, रंग पाचूसारखा, देठ करकरीत. वहिनींनी घास उचलला आणि कन्येस सहज विचारले, “गं, ही तकाकी कशाची?” चौकशीअंती कळले की कालवांच्या रसाची. वाढपी ओशाळला नाही, गोंधळला. त्याच्या लेखी तो मसाला होता. कँटनी लोकांत कालवे शाकाहारात चालतात अशी जुनी समजूत आहे. मासळीस जलतुरई म्हणणारे लोक आपल्याही देशात आहेत. म्हणून आम्ही त्या माणसास लबाड म्हणत नाही. परंतु देशोदेशीच्या पाहुण्यांवर ज्यांचा व्यवसाय चालतो त्यांनी हे विचारून घ्यावयास नको काय? वहिनींनी ताट शांतपणे सारले आणि म्हणाल्या, “खिडकी बघून पोट भरलं. घरी जाऊन पिठलं टाक बाई.”

परतताना बंदर ओलांडले ते ‘स्टार फेरी’च्या नौकेने. तोच देखावा, काही थोड्या डॉलरांत, आणि खारा वारा वर. ही नौकासेवा १८८८ साली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने सुरू केली. मिठाईवाल्याने देखावा अन्नापासून वेगळा विकला, हे आम्हांस मोठे शहाणपणाचे वाटले.

त्याच आठवड्यात लांताव बेटावरील पो लिन मठात गेलो. १९०६ साली तीन भिक्षूंनी स्थापिलेला हा मठ. समोरच्या टेकडीवर १९९३ साली पूर्ण झालेली ब्राँझची बुद्धमूर्ती, ३४ मीटर उंच, आणि तिच्याकडे नेणाऱ्या २६८ पायऱ्या. वहिनी तीन ठिकाणी थांबत, पण चढल्या. वरून डोंगर आणि दूरचा समुद्र मनसोक्त पाहिला, खाली उतरलो, मग मठाच्या भोजनगृहात बसलो. आधी दर्शन, नंतर पंगत. हा क्रम आपल्यास काही नवा नाही. तेथे कुणी कोणत्या खिडकीशी बसावे याचा प्रश्नच नव्हता. सूप, अळंबी, सोयाबीनचा पनीर, पालेभाजी, भात. वाफ निघत होती तोवर सर्व पोटात गेले होते. चिनी बौद्धांच्या ब्रह्मजाल सूत्रात पाच उग्र वनस्पती वर्ज्य सांगितल्या आहेत. लसूण, कांदा आणि त्यांचे भाऊबंद, व त्यांच्या पंक्तीस हिंग. कांद्याच्या पातीवाचूनही तो कँटनी दंडक उभा राहू शकतो, किंबहुना अधिक स्वच्छ दिसतो, हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. अळंबीस अळंबीची चव होती. वहिनींनी भात दोनदा घेतला. हिंग नसल्याची हळहळ मात्र त्यांनी लपविली नाही. आपल्या नैवेद्यास कांदा-लसूण चालत नाही म्हणून तर वरणात हिंग हवाच, असा त्यांचा युक्तिवाद, आणि त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मंदिरात देवापुढे संत्र्यांचे मनोरे रचले होते. कँटनी बोलीत या फळाचे नाव आणि सोन्याचे नाव उच्चारास सारखेच, म्हणून नववर्षात ते घरोघर देतात-घेतात. आमच्या घरी त्या वेळी मृग बहाराची तोडणी चालू होती. खाली तुंग चुंगला उतरल्यावर कन्येने त्याच जातीची सहा फळे घेतली. वहिनींनी एक सोलले, फोड चाखली, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गोड आहे. पण आपल्या फळाची आंबट धार नाही.” असे म्हणून त्यांनी दुसरी फोड तोंडात टाकली.