सामुदायिक कुट्टिमचित्रे आणि कर्तृत्वाचा प्रश्न

१

अनेकांच्या हातून घडलेल्या कुट्टिमचित्राविषयी, म्हणजे व्यवहारात ज्यास आपण मोझेक म्हणतो त्या चित्राविषयी, जे लिहिले जाते ते बहुधा एखाद्या संख्येपाशी येऊन थांबते. किती लोकांनी हातभार लावला, किती तुकडे बसविले गेले, भिंत किती लांब झाली, एवढे सांगितले की कृती ‘सामुदायिक’ ठरली असे गृहीत धरले जाते. हानोई येथे तांबड्या नदीच्या बांधाच्या भिंतीवर न्गुएन थु थुई या चित्रकर्तीच्या कल्पनेतून सुमारे ४ किलोमीटर लांबीचे चिनी मातीचे चित्र उभे राहिले. त्या नगरीच्या सहस्राब्दीच्या वर्षी, २०१० साली, जगातील सर्वांत मोठे असे चित्र म्हणून त्याची गिनेस विक्रमांत नोंद झाली, आणि त्याची कीर्ती मुख्यतः या मापावरच उभी राहिली. माप खरे आहे, श्रमही खरे आहेत. परंतु मापावरून कृतीचा आकार कळतो, कर्ता कळत नाही. अनेकांनी मिळून केलेल्या चित्राचा कर्ता कोण, हा प्रश्न समीक्षेने टाळू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या शब्दशास्त्रातील काही जुने भेद उपयोगी पडतात, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम कृतीची घडण पाहिली पाहिजे. कुट्टिम या शब्दाचा मूळ अर्थ कुटून पक्की केलेली जमीन असा आहे. मोठ्या श्रमाचे व निनावी काम असा जो भाव त्या शब्दात आहे, तो पुढील विवेचनात लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे गच्चीवर जो ‘चायना मोझेक’ करतात त्यात फुटक्या टाइल्सच्या कपच्या चुन्यासिमेंटात बसवून दर्जा भरतात. त्यात चित्र नसते, म्हणून कपची कोठे बसवावी याचा निर्णय कारागिराचा हात तत्क्षणी घेतो. चित्र आले की हा निर्णय विभागला जातो. कोणी तरी आधी रेखाटन करतो आणि कोणी तरी त्या रेषांच्या आत तुकडे बसवितो.

अनेकांच्या सहभागाने करावयाच्या चित्रात हा विभाग अधिकच ठळक होतो, याचे कारण तंत्रात आहे. शंभर माणसे एकाच वेळी भिंतीपुढे उभी राहू शकत नाहीत. म्हणून रेखाटन मेजावर पसरतात, त्यावर पारदर्शक कागद व जाळी अंथरतात आणि जमलेले लोक त्या जाळीवर तुकडे चिकटवितात. पुढे जाळीचे भाग कापून गवंडी ते भिंतीवर बसवितो व दर्जा भरतो. या पद्धतीमुळे मुले, वृद्ध व अनभिज्ञ माणसे कामात येऊ शकतात, हा तिचा मोठा गुण. परंतु मेजाशी बसलेल्या माणसापुढे चित्राचा एक हातभर तुकडाच असतो, समग्र चित्र त्याच्या दृष्टीस पडत नाही. योजना एकाकडे आणि भरणी अनेकांकडे, अशी वाटणी तंत्रच करून टाकते.

३

पूर्वमीमांसेत वाक्यार्थाविषयी जो प्रसिद्ध वाद आहे, त्याची येथे आठवण होते. कुमारिल भट्टांच्या मते पदे प्रथम आपापले अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा परस्परांशी अन्वय होऊन वाक्यार्थ सिद्ध होतो. हा अभिहितान्वयवाद होय. प्रभाकरांच्या मते पद सुटे असताना पूर्ण अर्थ सांगतच नाही, ते अन्वित अर्थाचेच अभिधान करते. हा अन्विताभिधानवाद. भाषेविषयी यांपैकी कोणता पक्ष ग्राह्य, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. मात्र सामुदायिक कुट्टिमचित्रांत ‘दान’ म्हणून येणारे घटक दोन जातींचे असतात, आणि त्या जाती या दोन पक्षांशी जुळतात.

काही घटक स्वतःच पूर्ण असतात. नाव कोरलेली टाइल, कोणी घरून आणलेली बशी, परदेशाहून पाठविलेली चित्रित फरशी ही त्याची उदाहरणे. भिंतीवरून काढून हातात घेतली तरी तिचा अर्थ उरतो. दुसऱ्या जातीचा घटक म्हणजे नखाएवढी निळी कपची. ती समुद्राच्या लाटेत असेल तेव्हाच लाट आहे, बाहेर काढली की ती केवळ मोडतोड. तिला शेजारच्या कपचीची आकांक्षा असते, आणि दोहोंमधली दर्ज ही जणू त्यांची सन्निधी. पहिल्या जातीच्या दानात दात्याची ओळख टिकते. दुसऱ्या जातीच्या दानात चित्र टिकते, दाता विरून जातो. एकाच भिंतीवर या दोन जातींचे प्रमाण काय, यावर त्या कृतीचे स्वरूप अवलंबून असते.

४

रिओ द जानेरो येथील सेलारोनच्या पायऱ्या पहिल्या जातीचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहेत. चिलीत जन्मलेल्या होर्हे सेलारोनने १९९० साली आपल्या घरापुढील पायऱ्या ब्राझीलच्या ध्वजाच्या रंगांत मढविण्यास आरंभ केला. प्रारंभी टाकाऊ टाइल्स, पुढे ६० हून अधिक देशांतून भेट आलेल्या टाइल्स, असे करीत २१५ पायऱ्यांवर २,००० हून अधिक टाइल्स जमल्या, आणि २०१३ साली मृत्यू येईपर्यंत तो त्या बदलीत राहिला. येथे दाते जगभरचे, पण कोणती टाइल कोठे हे ठरविणारा एकटा. अशा कृतीस सामुदायिक म्हणणे म्हणजे शब्दकोश समाजाचा आहे म्हणून वाक्यही समाजाचे आहे असे म्हणण्यासारखे होईल.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील सोळाव्या अॅव्हेन्यूवरील १६३ पायऱ्या, २००५ साली पूर्ण झालेल्या, यांहून गुंतागुंतीच्या आहेत. रिओचे उदाहरण पाहून शेजारच्या रहिवाशांनी हे काम आरंभिले. रचना आयलीन बार व कोलेट क्रचर या दोन कलावतींची. सागरतळापासून ताऱ्यांपर्यंत वर चढत जाणारे एक चित्र पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर केलेले आहे. त्यात हातांनी घडविलेल्या २,००० हून अधिक टाइल्स आणि टाइल, आरसा व रंगीत काच यांचे ७५,००० तुकडे आहेत. मासे, पक्षी, शिंपले, तारे अशा आकारांच्या टाइल्सना २२० हून अधिक शेजाऱ्यांनी द्रव्यसाहाय्य केले व त्यांची नावे त्यांवर आली. तुकडे बसविण्याच्या कार्यशाळांत ३०० हून अधिक लोक आले.

चित्र म्हणून ही कृती उत्तम आहे, हे निःसंकोच म्हटले पाहिजे. पायथ्याशी उभे राहिले असता १६३ पट्ट्या मिटून एकच प्रवाह दिसतो. वर चढू लागले की प्रवाह नाहीसा होतो आणि एकेक मासा, एकेक नाव वाचता येऊ लागते. माथ्यावरून खाली उतरणाऱ्यास तर साध्या काँक्रीटच्या पायऱ्याच दिसतात. दुरून वाक्य, जवळून पदे आणि उलट दिशेने मौन असा तिहेरी अनुभव एका जिन्यात साधणे हे रचनाकारांचे कौशल्य होय.

तथापि याच कृतीत आपला प्रश्न उघडा पडतो. चित्रात वाचता येण्याजोगे नाव मिळते ते द्रव्यसाहाय्याने. ज्या हातांनी ७५,००० तुकड्यांतले तुकडे बसविले त्यांचे श्रम लाटेत आणि प्रकाशात मिसळले, तेथे ते वाचता येत नाहीत. हे दोन वर्ग बऱ्याच अंशी एकच असतील, आणि पैशावाचून जिना झाला नसता हेही खरे. दोष कोणाचा हा मुद्दा नाही. मुद्दा असा की, कृतीची जी लिपी आहे तिच्यात दान हे नाम म्हणून उमटते आणि श्रम मात्र उमटत नाही. समीक्षकाने केवळ नावे वाचली तर तो समुदायाची यादी वाचील, समुदाय वाचणार नाही.

५

याच्या शेजारी न्यूयॉर्क येथील ग्रँटच्या समाधीभोवतीची बाके ठेवून पाहावी. १८९७ साली उद्घाटन झालेल्या त्या गंभीर वास्तूभोवती १९७२ ते १९७४ या काळात पेद्रो सिल्वा व वास्तुशिल्पी फिलिप डॅन्झिग यांच्या मार्गदर्शनाखाली शेजारच्या शेकडो लोकांनी, मुलांसह, नागमोडी बाके मढविली. प्रेरणा बार्सिलोना येथील गौदीच्या पार्क ग्वेलमधील बाकाची. पण गौदीच्या बाकाला जी एकतानता आहे ती येथे नाही. येथे न्यूयॉर्कची टॅक्सीसुद्धा बाकावर येऊन बसली आहे. विषयांची संगती नाही, हात कच्चे आहेत आणि एका भागाचा दुसऱ्याशी अन्वय लागत नाही. केवळ सौंदर्याच्या निकषावर हे काम सॅन फ्रॅन्सिस्कोच्या जिन्याहून उणे ठरेल. येथे मात्र काय काढावे याचा अधिकारही बसविणाऱ्यांच्या हाती काही प्रमाणात गेलेला दिसतो. वाक्य विस्कळीत आहे, परंतु ते बोलणाऱ्यांचे आहे.

याची कसोटी पुढे लागली. १९९० नंतरच्या दशकात समाधीचा जीर्णोद्धार होत असता, ही बाके त्या वास्तूच्या गांभीर्यास विसंगत आहेत म्हणून हलवावी असा विचार पुढे आला. शेजाऱ्यांनी विरोध केला, बाके राहिली आणि २००८ साली स्वतः सिल्वाच्या सहभागाने त्यांची दुरुस्ती झाली. विसंगतीचा आक्षेप खोटा नव्हता. पण ज्यांनी ती बाके केली त्यांना ती आपली म्हणून राखावीशी वाटली, ही घटना कर्तृत्वाविषयी कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक सांगते.

६

पाणिनीने स्वतंत्र असेल त्यास कर्ता म्हटले आहे, आणि त्या स्वतंत्रास प्रवृत्त करणाऱ्यास हेतु ही संज्ञा देऊन त्यासही कर्ताच मानले आहे. या व्यवस्थेतील सूक्ष्मता आपल्या विषयास फार उपकारक आहे. करविणारा आला म्हणून करणाऱ्याचे कर्तेपण जात नाही, आणि करणारे अनेक आहेत म्हणून करविणाराही लोपत नाही. परंतु प्रवृत्त केला जाणारा मुळात स्वतंत्र असावा लागतो, अन्यथा तो कर्ता न राहता करण होतो. कुऱ्हाड झाड तोडते असे आपण बोलतो खरे, पण तोडणारा दुसराच असतो.

सामुदायिक कुट्टिमचित्राचे परीक्षण करताना म्हणून तीन गोष्टी पाहाव्या असे सुचवावेसे वाटते. तुकडे बसविणाऱ्यास रेखाटनात काही बदल करण्याची मोकळीक होती काय? कृतीच्या दृश्य लिपीत दान आणि श्रम यांपैकी काय वाचता येते? आणि एखादा भाग निखळला किंवा काढण्याचा प्रसंग आला तर निर्णय कोणास विचारून होतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर घडणीत मिळते, दुसऱ्याचे पृष्ठभागावर आणि तिसऱ्याचे काळाच्या ओघात. निखळलेली निळी कपची दुसऱ्या निळ्या कपचीने भरून काढता येते, नावाची टाइल तशी भरून काढता येत नाही, हा भेदही दुरुस्तीच्या वेळीच नीट कळतो.

उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. वाक्य उच्चारताच संपते, भिंत उन्हापावसात उभी राहते. वाक्यातील पदांना आपल्या स्थानाविषयी मत नसते, माणसांना असते. म्हणूनच मीमांसकांचा भेद येथे जसाच्या तसा लागू होत नाही, आणि म्हणूनच येथे केवळ अर्थाचा प्रश्न उरत नाही, न्यायाचाही उपस्थित होतो. रचना सुंदर व्हावी म्हणून मोकळीक किती कमी करावी आणि मोकळीक राहावी म्हणून रचनेतील किती विस्कळीतपणा सोसावा, याचे सर्वत्र लागू पडेल असे प्रमाण सांगता येणार नाही. मात्र ज्या कृतीत हा ताण जाणवतच नाही, तिच्यात बहुधा लोकांचे हात वापरले गेले असून त्यांचे कर्तेपण वापरले गेलेले नाही, असे समजण्यास प्रत्यवाय नसावा.