भय, हास्य आणि बालप्रेक्षक : ‘मुंज्या’ या चित्रपटाची वयोगटसापेक्ष चिकित्सा

प्रस्तावना

चित्रपट हे सर्व वयोगटांना एकाच वेळी आकर्षित करणारे माध्यम आहे. तथापि एकच चित्रपट सर्व वयोगटांना सारख्याच अर्थाने कळत नाही. हा भेद भयविनोदी अद्भुतपटांच्या बाबतीत विशेष तीव्रतेने जाणवतो. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. कोकणातील लोकसमजुतीवर आधारलेल्या या चित्रपटाने देशात शंभर कोटींहून अधिक रुपयांचा व्यवसाय केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून तो दूरचित्रवाणी आणि ओटीटी माध्यमांतून घरोघरी पोहोचला. चित्रपटगृहाच्या दारावर वय विचारणारा कोणी असतो. दिवाणखान्यात तसा कोणी नसतो. त्यामुळे किशोरांना व तरुणांना समोर ठेवून बेतलेला हा चित्रपट त्यांच्या धाकट्या भावंडांनीही पाहिला आणि पुढेही ती पाहणार आहेत. हा चित्रपट लहान मुलांसाठी योग्य आहे काय, या प्रश्नाला म्हणूनच केवळ कौटुंबिक नव्हे, तर समीक्षात्मक मूल्यही आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या विवेचनामागील गृहीतक असे : चित्रपटाची योग्यायोग्यता त्यातील भीतीच्या प्रमाणावरून ठरविण्याची आपली रूढ पद्धत अपुरी आहे. मूल कशाला घाबरते याइतकेच ते कशाला हसते, आणि ते हसू कशावर उभे आहे, हेही तपासले पाहिजे.

कोल्हापूरची पूर्वपीठिका

हा प्रश्न नवा नाही. किंबहुना त्याचे एक मूळ कोल्हापुरातच आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पडद्यावर आला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव वठले होते, की प्रेक्षक भयभीत झाले आणि अखेर ते दृश्य वगळावे लागले. कीचकवधाची कथा त्या काळच्या प्रेक्षकाला पाठ होती. कीर्तनातून, आख्यानातून त्याने ती अनेकदा ऐकली होती आणि ऐकताना तो भ्यालेला नव्हता. कथा तीच असूनही दृश्य असह्य झाले. शब्दांतून कळणारे भय आणि डोळ्यांना दिसणारे भय यांत मोठे अंतर आहे, हा धडा भारतीय चित्रपटाला आरंभकाळातच मिळाला.

पुढे १९५२ च्या चलचित्रपट अधिनियमाने प्रमाणपत्रांची व्यवस्था स्थिर केली. १९८३ पासून ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये ‘यूए’ हा वर्ग आला. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा अर्थ होता. परंतु पाच वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल यांना एकाच कप्प्यात ठेवणारी ही विभागणी ढोबळ होती. मुद्गल समितीने २०१३ मध्ये आणि श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये वयाचे अधिक टप्पे करण्याची शिफारस केली. अखेर २०२३ च्या दुरुस्ती अधिनियमाने ‘यूए’ वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. ‘मुंज्या’ हा चित्रपट जुन्या, अविभाजित ‘यूए’ प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला. नव्या टप्प्यांपैकी तो कोठे बसावा, हे ठरविण्याचे काम त्यामुळे पालक, शिक्षक आणि समीक्षक यांच्याकडे येते.

कथानकाचे स्वरूप

मुंज झाल्यानंतर लवकरच मृत्यू पावलेला ब्राह्मण मुलगा पिंपळावर राहतो, अशी समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. गावोगावी पिंपळाच्या पारावर दिसणारी मुंजाबाची ठाणी तिचीच साक्ष देतात. चित्रपटाचा आरंभ १९५२ सालच्या कोकणात होतो. गोट्या नावाच्या मुलाचे त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या असलेल्या मुन्नीवर मन जडते. घरी कळताच आईचा मार आणि तातडीने मुंज, असे त्याचे पारिपत्य होते. मुन्नीच्या लग्नाच्या दिवशी हा मुलगा आपल्या धाकट्या बहिणीला चेटुकवाडी या निषिद्ध जागी नेऊन तिचा बळी देऊ पाहतो आणि त्या प्रयत्नात स्वतःच मरतो. त्याचा मुंज्या होतो. वर्तमानकाळातील बिट्टू हा पुण्याचा भिडस्त तरुण त्या बहिणीचा नातू. मुंज्या त्याच्या मानगुटीवर बसतो आणि ‘मुन्नी आणून दे’ असा हट्ट धरतो. पुढे हा हट्ट बिट्टूची बालमैत्रीण बेला हिच्याकडे वळतो, कारण ती मुन्नीची नात आहे.

भय : तीन थर

या चित्रपटातील भयाचे तीन थर सांगता येतील. पहिला थर दृश्य व ध्वनी यांचा आहे. संगणकनिर्मित मुंज्याचा चेहरा, अचानक होणारा आवाज, झाडाची वळवळणारी मुळे ही त्याची साधने. लहान मुले धोक्याच्या आशयापेक्षा त्याच्या रूपाला अधिक घाबरतात, असे बालप्रेक्षकांवरील संशोधनातून दिसून आले आहे. जोअॅन कॅन्टर यांचा या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध आहे. सात-आठ वर्षांखालील मुलाला ‘हे खोटे आहे’ असे सांगून फारसा उपयोग होत नाही. डोळ्यांसमोरचे रूप त्याच्या दृष्टीने खरेच असते. या वयासाठी चित्रपट योग्य नाही, असे म्हणण्यास पहिला थरच पुरेसा आहे.

दुसरा थर अद्भुताचा. येथे मात्र भय सर्वस्वी त्याज्य मानता येत नाही. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात परीकथांतील राक्षस व चेटकिणी मुलांना स्वतःच्या भीतीला रूप देण्यास साहाय्य करतात, असे प्रतिपादन केले. आपल्याकडे आजीच्या गोष्टींतील हडळ, ब्रह्मराक्षस आणि मुंज्या यांनी हेच कार्य केले आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल अशी भीती मजेने घेऊ शकते.

तिसरा थर अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. या कथेतील भूत हे मूलच आहे. ‘झपाटलेला’ (१९९३) या महेश कोठारे यांच्या चित्रपटाशी तुलना केली असता हे स्पष्ट होते. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची कल्पना तेथे मराठी मातीत आली. मूळ चित्रपट अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांसोबतच पाहता येत होता. मराठी अवतार मात्र घराघरांतील मुलांचा आवडता झाला. रामदास पाध्ये यांनी साकारलेल्या तात्या विंचूच्या बाहुल्यात वसलेला आत्मा एका प्रौढ गुन्हेगाराचा आहे. बालप्रेक्षक त्याच्याशी तादात्म्य पावत नाही. तो लक्ष्याच्या बाजूने उभा राहतो. ‘मुंज्या’त मात्र प्रारंभीचा भाग मुलाच्या दुःखाचा आहे. मार खाणारा, चिडवला जाणारा, कोणी ऐकून न घेणारा गोट्या बालप्रेक्षकाला आपलासा वाटतो आणि त्याच गोट्याच्या हातात पुढे शस्त्र येते, तेही सख्ख्या बहिणीवर. महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. त्या महाराष्ट्रातील मुलापुढे बळीचे हे दृश्य कोणत्याही विवेकी पात्राच्या भाष्याविना येते, ही बाब नोंदविणे आवश्यक आहे. चित्रपट बळीचे समर्थन करीत नाही. त्याचे फळ मृत्यूच आहे, हे तो दाखवितो. परंतु मंत्रसामर्थ्य खरे आहे, हे मात्र तो गृहीत धरतो. उतारा शोधण्याचे कामही एल्विस प्रभाकर या भूत उतरविणाऱ्या पात्राकडेच जाते.

हास्य : अनुकृतीचा प्रश्न

भरताने ‘नाट्यशास्त्रा’त हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली आहे, शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य. प्रस्तुत चित्रपटाच्या विनोदाला ही व्याख्या अचूक लागू पडते. मुंज्याचे ‘लग्न करायचे’ हे पालुपद, नवरदेवाचा त्याचा आव, नकार न ऐकण्याची त्याची वृत्ती ही सर्व प्रेमाची विडंबने आहेत. तरुण प्रेक्षक हसतो, कारण मूळ शृंगार त्याला ठाऊक आहे. प्रेमात दुसऱ्याची इच्छा असते, हे तो जाणतो. मुंज्याच्या मागणीत ती इच्छाच नाही, ही विसंगती त्याला दिसते आणि त्यातून हास्य निर्माण होते.

आता आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा विचार करू. त्याला मूळ वस्तूच अपरिचित आहे. ज्याने मूळ पाहिलेले नाही, त्याला नक्कल ही नक्कल म्हणून ओळखता येत नाही. तो तिलाच मूळ समजतो. हट्ट, पाठलाग, मानगुटीवर बसणे या गोष्टी त्याला विडंबन वाटणार नाहीत, त्या प्रेमाच्या कृती वाटतील, आणि भोवतालचे मोठे लोक हसत आहेत म्हणून त्या निरुपद्रवीही वाटतील. पियाजे यांच्या मते अमूर्त पातळीवरील विचारक्षमता साधारणपणे अकरा-बारा वर्षांनंतर विकसित होऊ लागते. उपहास समजण्यासाठी, म्हणजे दाखविले आहे त्याच्या उलट अर्थ घेण्यासाठी, हीच क्षमता लागते. या चित्रपटातील खरा धोका अशा रीतीने भयात नसून हास्यात आहे. भ्यालेले मूल आईला बिलगते, प्रश्न विचारते. पालकाला ते कळते. हसणाऱ्या मुलाकडे मात्र कोणाचेही लक्ष जात नाही.

असे असूनही चित्रपटाला एक नैतिक आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. बिट्टू आणि मुंज्या ही एकाच भावनेची दोन रूपे आहेत. दोघांचेही मन एकेका मुलीवर आहे. एक ते व्यक्त करू शकत नाही, दुसरा ते लादू पाहतो. बिट्टूचा प्रवास भिडस्तपणाकडून धैर्याकडे होतो, मालकीकडे होत नाही. बेलाला वाचविताना तो तिच्यावर हक्क सांगत नाही. प्रेम आणि मालकी यांतील भेद इतक्या सुगम रीतीने मांडणारे लोकप्रिय चित्रपट थोडे आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय उपदेशातून मांडणे कठीण असते. या चित्रपटाच्या निमित्ताने तो सहज मांडता येतो. म्हणजेच जो गुण किशोरांसाठी उपकारक, तोच त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी अपायकारक ठरतो.

भाषा आणि पोकळी

आणखी एका मुद्द्याचा निर्देश करणे उचित ठरेल. मराठी बालचित्रपटाची परंपरा समृद्ध असली तरी ती प्रामुख्याने वास्तववादी आहे. ‘श्यामची आई’ (१९५३) पासून ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) आणि ‘नाळ’ (२०१८) पर्यंत मुलांचे जग तिने समर्थपणे रेखाटले. अद्भुताकडे मात्र क्वचितच पाहिले. परिणामी मुंज्या, चकवा, आसरा ही आपली लोककथांतील पात्रे मराठी मुलाला आज हिंदीत भेटतात. कोकणातील घर, मराठी आजी, मुंजीचा विधी आणि संवाद मात्र हिंदी, असा हा अनुभव आहे. सरपोतदार यांनीच ‘झोंबिवली’ (२०२२) मराठीत केला होता, हे लक्षात घेता ही खंत अधिकच जाणवते. पर्याय उपलब्ध नसताना ‘हे पाहू नका’ असे मुलांना सांगणे अपुरे आहे. कोल्हापुरात ‘चिल्लर पार्टी’ या विद्यार्थी चित्रपट चळवळीने शालेय मुलांना निवडक बालचित्रपट दाखविण्याचा उपक्रम चालविला आहे. निवड करून दाखविणे हा निषेधाहून श्रेष्ठ मार्ग आहे, हे अशा प्रयत्नांमधून दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. आठ वर्षांखालील मुलांसाठी ‘मुंज्या’ योग्य नाही. मुंज्याचे रूप, आकस्मिक ध्वनी आणि बहिणीच्या बळीचा प्रसंग ही त्याची कारणे होत.

२. आठ ते बारा वयोगटातील मुलांनी तो पालकांसोबतच पाहावा. मात्र सोबत म्हणजे केवळ शेजारी बसणे नव्हे. ‘मुन्नीला काय हवे होते, हे गोट्याने कधी विचारले का?’ हा एक प्रश्न पालकाने विचारला, तरी विडंबन विडंबन म्हणून कळण्यास प्रारंभ होतो.

३. तेरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना हा चित्रपट पाहू द्यावा. इतकेच नव्हे, तर वर्गातील चर्चेसाठी त्याचा उपयोग करावा. नव्या वर्गवारीत ‘यूए तेरा’ हे त्याचे उचित स्थान होय.

४. बळी व मंत्रतंत्र यांविषयी चित्रपट मौन बाळगतो. ते मौन शिक्षकाने भरून काढावे. लोककथा म्हणून मुंज्या जपावा, समजूत म्हणून तो तपासावा.

५. योग्यायोग्यता ठरविताना केवळ भयदृश्यांची मोजदाद न करता हास्याचा आधार तपासण्याची पद्धत समीक्षेने स्वीकारावी.

‘सैरंध्री’तील दृश्य कापून १९२० साली प्रश्न मिटविता आला, कारण तेथे भय एका दृश्यात सामावले होते. ‘मुंज्या’तून कोणतेही एक दृश्य कापून असा प्रश्न मिटणार नाही. येथे शंकेचा विषय असलेले हसू संपूर्ण चित्रपटभर पसरलेले आहे, आणि त्याला कात्री लावता येत नाही. ते समजावून सांगणारा मोठा माणूस मुलाजवळ असणे, एवढाच त्यावरील उपाय आहे.