पडद्याआडचे खलपुरुष

ग्विनेथ ह्यूझ यांची ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ (२०२४) ही दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिका पाहतांना डोळे पाणावतात. १९९९ ते २०१५ या काळांत ‘होरायझन’ संगणकाच्या सदोष हिशेबांवरून ब्रिटनमधील ९०० हून अधिक पोस्टमास्तर गुन्हेगार ठरले. त्यांचें दुःख लेखिकेनें संयमानें रंगविलें आहे. परंतु फुजित्सु कंपनीशीं झालेला करार आणि संगणक बिनचूकच चालतो हें इंग्लंडच्या न्यायालयांतील गृहीतक, या खऱ्या खलपुरुषांना नाटकांत चेहरा कोठून मिळणार? २०१४ सालीं जेम्स आर्बथनॉट यांनीं पार्लमेंटांत हा प्रश्न मांडला, तेव्हां सरकार हाललें नाहीं. मालिकेनंतर पांच महिन्यांच्या आंत दोषमुक्तीचा कायदा झाला! नाटककाराला हें भूषण, पार्लमेंटाला नव्हे. आतां सरकारें कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें विकत घेऊं लागलीं आहेत, आणि वरील गृहीतकाला त्या कायद्यानें हातही लावलेला नाहीं.