डब ध्वनिमुद्रिका आणि भीमगीतांचे बदलते श्राव्यरूप : एक तौलनिक विचार

प्रास्ताविक :
आंबेडकरी गीतांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने शब्दसंहिता म्हणून केला आहे. परंतु जे गीत तबकडी, कॅसेट व ध्वनिक्षेपक यांच्याद्वारे समाजापर्यंत पोहोचले, त्याचे सर्व मर्म छापील शब्दांत सामावत नाही. जमैकातील ‘डब’ या संगीतप्रकाराच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांशी तुलना केली असता ही उणीव स्पष्ट होते.

डबचा उगम व प्रभाव :
१९६७-६८ च्या सुमारास किंग्स्टन येथे रूडी रेडवूड यांच्यासाठी तयार केलेल्या एका तबकडीत गायकाचा आवाज अनवधानाने राहून गेला. ती वाजताच जमावाने गाणे स्वतः म्हटले, असे सांगितले जाते. पुढे तबकडीच्या मागील बाजूस गायनाविना वाद्यमेळ देण्याची प्रथा रूढ झाली. तिला ‘व्हर्जन’ असे नाव मिळाले. रेडिओदुरुस्ती करणारे किंग टबी यांनी मिक्सरवर आवाज गाळणे, परत आणणे व त्यास प्रतिध्वनी देणे यांतून जुन्याच गाण्याची नवी रचना सिद्ध केली. यंत्र हाताळणारा तंत्रज्ञ येथे रचनाकार ठरला. पुढील काळातील रीमिक्सची बीजे या ध्वनिमुद्रिकांत आढळतात.

भीमगीतांची वाटचाल :
२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर झालेल्या सत्याग्रहाने जो विचार पुढे आणला, तो १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या जलशांनी गावोगाव नेला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी त्यास गीतरूप दिले, तर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने ते घराघरांत नेले. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे या प्रसारास मोठी गती मिळाली. डबमध्ये यंत्राने शब्द वगळला. येथे यंत्राने शब्द जपला, हा दोहोंतील मूलभूत भेद होय.

तथापि अलीकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकांत डीजेवर वाजणाऱ्या भीमगीतांत ठेका प्रबळ व शब्द त्रोटक झालेला दिसतो. त्यास केवळ गोंगाट म्हणून नाकारणे समीक्षेला शोभणारे नाही. डबमधील मौन अर्थपूर्ण ठरले, कारण गाळलेला शब्द श्रोत्यांच्या ओठांवर होता. हाच निकष येथेही लागू पडतो. मूळ गीत ज्याच्या कानी पडले आहे, त्याला अर्ध्या ओळीतूनही संपूर्ण विचार ऐकू येतो. ज्याने ते कधी ऐकलेच नाही, त्याच्यापाशी मात्र केवळ ठेका उरतो. म्हणजेच दोष डीजेचा कमी आणि मूळ ध्वनी दुर्लभ होऊ देणाऱ्या अभ्यासव्यवस्थेचा अधिक आहे.

निष्कर्ष :
कॅसेटची फीत काळानुसार खराब होते आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. महाड शहरापासून रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीपर्यंतच्या गावांतून अशा तबकड्या व कॅसेट यांचा शोध घेणे, गायक व गीतकारांच्या नोंदींसह त्यांचे जतन करणे आणि मराठीच्या वर्गात त्या प्रत्यक्ष ऐकविणे, हे कार्य परिसरातील महाविद्यालयांना सहज शक्य आहे. मूळ आवाज उपलब्ध राहिला, तरच त्याच्या नव्या रूपांचे मूल्यमापन करण्याचा अधिकार समीक्षेला प्राप्त होईल.