शून्याखालचे तेवीस विद्यार्थी : गॉल्टनच्या एका प्रकरणाची परीक्षा

मागच्या व्याख्यानात आपण झेड स्कोअर काढला आणि कोष्टक उघडून संभाव्यता वाचली. आज नवं सूत्र नाही. आज एका जुन्या पुस्तकातल्या एका प्रकरणाची परीक्षा घ्यायची आहे. पुस्तक फ्रान्सिस गॉल्टनचं, 'हेरेडिटरी जीनियस', साल १८६९. प्रकरण आहे माणसांची त्यांच्या उपजत गुणांनुसार वर्गवारी करण्याबद्दलचं. प्रसामान्य वितरण माणसाच्या बुद्धीला पहिल्यांदा एवढ्या आत्मविश्वासाने लावलं गेलं ते इथे. आणि गंमत अशी, की त्याच्या विरुद्धचा पुरावाही त्याच प्रकरणात छापलेला आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. आपण जे गणित करतो त्यात दोन पायऱ्या असतात. पहिली पायरी : संख्येतून सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागायचं. ही नुसती पट्टी बदलणं आहे, इंचाचे सेंटीमीटर करावेत तशी. पगार घ्या, पाऊस घ्या, कशाचाही झेड स्कोअर निघतो. वितरण एका बाजूला झुकलेलं असेल तर झेड स्कोअर काढल्यावरही ते तसंच झुकलेलं राहतं. दुसरी पायरी : तो झेड घेऊन कोष्टकात शिरायचं आणि 'एवढे टक्के वर' असं म्हणायचं. ही पायरी अंकगणिताची नव्हे. ते जगाबद्दलचं विधान आहे, आणि ते खोटं असू शकतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही दुसरी पायरी 'समजा, गुण प्रसामान्य वितरणानुसार आहेत' एवढ्या अर्ध्या ओळीत उरकलेली असते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'समजा' म्हटलं की आम्ही लगेच 'का समजायचं?' विचारतो. संख्याशास्त्राच्या वर्गात ते विचारायला वेळ नसतो, कारण उदाहरणं बारा सोडवायची असतात.

हे विधान खरं असतं तेव्हा काय होतं ते आधी बघा. बेल्जियमचा केटले याने ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं छापली, पूर्ण इंचांत. गॉल्टनही तीच वापरतो. त्या कोष्टकावरून आम्ही सरासरी काढली तर ती ३९.८३ इंच येते, प्रमाण विचलन २.०५. आता विचारू, ४२ इंच किंवा त्याहून जास्त छाती किती जणांची? मापं पूर्ण इंचात असल्यामुळे सीमा ४१.५ धरायची. झेड येतो सुमारे ०.८१. कोष्टक सांगतं, जवळजवळ २१ टक्के, म्हणजे १,२०० च्या आसपास. प्रत्यक्ष मोजणी? १,१९६. असं जमलं की माणूस हरखून जातो. केटले हरखला, आणि त्याच्यामागून गॉल्टन.

आता तेच प्रकरण थोडं मागे उलटू. गॉल्टनने तिथे केंब्रिजच्या गणिताच्या ऑनर्स परीक्षेचे गुण दिले आहेत. वर्षं मुद्दाम सांगितलेली नाहीत. दोन वर्षांतले पहिले शंभर-शंभर, असे २०० विद्यार्थी. रँग्लर हा शब्द आपल्याला परका नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि तेव्हापासून मराठी माणसाने तो शब्द त्यांच्या नावाला कायमचा जोडून टाकला. तर गॉल्टनच्या यादीतला सीनियर रँग्लर : एकूण १७,००० पैकी ७,६३४ गुण. त्याच वर्षीचा दुसरा : ४,१२३. आणि यादीतला शेवटचा : २३७.

२०० जणांची वाटणी अशी. ५०० च्या खाली २४ जण. ५०० ते १,००० मध्ये ७४. पुढच्या पाचशेत ३८, मग २१, मग ११, आणि पुढे शेपूट लांबत ७,५०० च्या वरच्या त्या एकट्यापर्यंत जातं. ही घंटा नाही हो, ही घसरगुंडी आहे.

पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, गणित करू. प्रत्येक गटाचा मध्यबिंदू धरला तर सरासरी साधारण १,४५० येते आणि प्रमाण विचलन साधारण १,२००. पहिली पायरी झाली. तिच्यात चूक काहीच नाही. आता गॉल्टनचा वक्र मानून कोष्टकात शिरू. ५,००० च्या वर किती जण असावेत? झेड २.९६, म्हणजे २०० पैकी ०.३; एक माणूससुद्धा नाही. प्रत्यक्षात आहेत पाच. सीनियर रँग्लरचा झेड ५.१५. प्रसामान्य वितरणात असा माणूस साधारण पाऊण कोटीत एक. इथे तो दोनशेत सापडला. आणि सगळ्यात मासलेवाईक उत्तर खालच्या टोकाला मिळतं : शून्य गुणांचा झेड येतो उणे १.२१, आणि कोष्टक म्हणतं ११ टक्क्यांहून थोडे जास्त त्याच्या खाली. म्हणजे २०० पैकी सुमारे २३ विद्यार्थ्यांना शून्यापेक्षा कमी गुण!

गॉल्टनच्या बाजूने एक उत्तर देता येतं, आणि ते प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. ऑनर्सची ही मुलं आधीच निवडून आलेली. ती मोठ्या घंटेचं फक्त उजवं टोक, मग ते घसरगुंडीसारखंच दिसणार. बरोबर आहे. पण मग ती उरलेली घंटा कुणी पाहिली? जे विद्यार्थी या यादीत नाहीत त्यांचे गुण गॉल्टनजवळ नाहीत. दिसणारा भाग न दिसणाऱ्या भागाच्या भरवशावर वक्रात बसवायचा, आणि मग तोच वक्र न दिसणाऱ्या भागाचा पुरावा म्हणून दाखवायचा, याला तर्कात चक्रक दोष म्हणतात. शिवाय केंब्रिजच्या कोष्टकाची वक्राशी तुलना तो करतच नाही. तुलनेसाठी निवडतो सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचे, डिसेंबर १८६८ चे गुण. तिथे वरची बाजू जमते आणि खालची जमत नाही. मग खालची बाजू निवडीमुळे बिघडली असं सांगून तो पुढे जातो. जमलं तर नियम खरा, नाही जमलं तर माहिती अपुरी. असा नियम कधी हरेल, सांगा बरं.

केटले इथे जास्त सावध होता, असं आमचं मत. एक लाख फ्रेंच भरतीच्या तरुणांच्या उंच्यांत त्याला मेळ दिसला नाही : किमान उंचीच्या खाली माणसं जास्त, लगेच वर कमी. त्याने ओळखलं की सैन्यातून सुटण्यासाठी दोन हजारांहून अधिक तरुणांनी उंची कमी भरवून घेतली असणार. इथे विसंगतीला कारण शोधलं गेलं, आणि ते कारण वेगळं तपासता येण्याजोगं होतं.

आता खरी अडचण. छातीला इंच आहे. बुद्धीला काय आहे? गॉल्टन दहा लाख माणसांची चौदा समान श्रेणींत वाटणी करतो, सरासरीच्या वर सात, खाली सात. दोन्ही टोकांना त्याहूनही पलीकडचा एकेक. त्याच्या आकड्यांवरून मोजलं तर एक श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत साधारण ०.७ प्रमाण विचलन. वरून 'एफ' आणि त्यापुढचे मिळून दहा लाखांत २४८ जण येतात. आणि नामवंत माणसं किती, याचा त्याने प्रसिद्ध लोकांच्या याद्या आणि मृत्युलेख चाळून केलेला अंदाज : दहा लाखांत सुमारे २५०. झालं, 'एफ' सापडला! पण यादीने सांगितला तो फक्त क्रम, कोण पुढे आणि कोण मागे. दोन माणसांमधलं अंतर तिने सांगितलेलं नाही. ते अंतर वक्राने पुरवलं. नेहमी आपण मापावरून झेड काढतो आणि झेडवरून टक्के. गॉल्टन टक्क्यांवरून झेड काढतो आणि त्यालाच माप म्हणतो. असं उलटं जाता येतं, पण त्यातून निघालेल्या श्रेण्या समान आहेत हे तेव्हाच, जेव्हा वक्र आधीच खरा असेल.

हे नुसतं पंडिती भांडण असतं तर आम्ही तुमचा तास घेतला नसता. याच पुस्तकात पुढे वेगवेगळ्या वंशांच्या तुलनेचं प्रकरण आहे. प्राचीन अथेन्सचे लोक इंग्रजांपेक्षा जवळजवळ दोन श्रेणी वर, आफ्रिकी वंशाचे लोक दोन श्रेणी खाली. कुणाची परीक्षा घेतली नाही, काही मोजलं नाही. कीर्तिमान माणसांचा अदमास घेतला आणि त्याला श्रेणीचं रूप दिलं. 'ते आमच्यापेक्षा कमी' हे मत असतं, त्यावर भांडता येतं. 'दोन श्रेणी कमी' म्हटलं की ते मोजमाप वाटू लागतं. चौदा वर्षांनी, १८८३ साली, याच गृहस्थाने युजेनिक्स हा शब्द घडवला.

केंब्रिजच्या त्या कोष्टकाकडे पुन्हा एकदा बघा. ४,००० च्या वर किती टक्के, असा प्रश्न आला तर करायचं काय? मोजायचं. आठ जण आहेत; २०० पैकी आठ, चार टक्के. कोष्टकातून १.७ टक्के मिळाले असते. पुढच्या वेळी स्कॉटिश सैनिकांच्या छात्यांना घंटेचा आकार मुळात का यावा, या प्रश्नाकडे वळू. येताना कागद-पेन्सिल आणा.