करवीरच्या ठरावांतील 'शेकडा पन्नास' : एका हिशेबाची चिकित्सा

आपल्याकडील इतिहाससंशोधकांस तिथीची चिकित्सा करण्याची जेवढी संवय आहे तेवढी आकड्यांची नाहीं. वारणेच्या तहाची तारीख कोणी दोन दिवस पुढेंमागें लिहिली, तर शक, सुहूर सन आणि वार यांचा मेळ घालून त्याची चूक पदरीं घालणारे लेखक तत्काळ पुढें येतात. व तें योग्यच आहे. पण एखाद्या ग्रंथकारानें 'इतक्यांपैकीं इतके' असें विधान केलें, कीं तें एका ग्रंथांतून दुसऱ्यांत जसेंच्या तसें उतरत जातें. त्यांतील दोन संख्यांची वजाबाकी करून पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. या उपेक्षेमुळें इतिहासाच्या समजुतीस केवढा बाध येतो, हें करवीर राज्याच्या अर्वाचीन इतिहासांतील एका प्रसिद्ध प्रकरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. येथें लागणारें गणित मराठी चौथीच्या पलीकडचें नाहीं.

तें प्रकरण म्हणजे श्रीशाहू छत्रपतींचा २६ जुलै १९०२ चा ठराव. महाराज त्या वेळीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणसमारंभानिमित्त विलायतेंत होते. ठराव करवीर सरकारच्या गॅझेटांत प्रसिद्ध झाला. त्याचा आशय थोडक्यांत असा : ठरावाच्या तारखेपासून ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकीं शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या, ज्या कचेऱ्यांत या वर्गांच्या अंमलदारांचें प्रमाण सध्यां शेकडा पन्नासांहून कमी असेल तेथें पुढील नेमणूक याच वर्गांतून करावी, आणि झालेल्या नेमणुकांचे तिमाही तक्ते खातेप्रमुखांनीं सरकारांत पाठवावे. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सर्व ते मागासलेले, अशी व्याख्याही ठरावांतच आहे.

आतां लोकप्रिय चरित्रांतून, भाषणांतून व पाठ्यपुस्तकांतून हा ठराव कसा सांगितला जातो तें पाहावें. 'महाराजांनीं १९०२ सालीं निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांस दिल्या' हें त्याचें रूढ रूप. त्याच्या पुष्ट्यर्थ दोन आकडे जोडलेले असतात. १८९४ सालीं महाराजांनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं तेव्हां राज्यकारभारांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० ब्राह्मण होते; आणि १९१२ सालीं ९५ पैकीं ३५ ब्राह्मण उरले. ठराव एका बाजूस, आकडे दुसऱ्या बाजूस, आणि मधें 'म्हणून' हा शब्द. आमचा आक्षेप या 'म्हणून'वर आहे. ठरावाच्या थोरवीवर नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. नाहीं तर आमच्याकडे गणित करणाऱ्याचाही पक्ष शोधला जातो.

प्रथम 'निम्म्या नोकऱ्या दिल्या' हें विधान घेऊं. ७१ जागांचे निम्मे साडेपस्तीस. माणूस अर्धा होत नसल्यामुळें ३६ धरावे. ६० ब्राह्मण वजा जातां उरलेले ११. ते सर्वच्या सर्व मागासलेल्या वर्गांतील मानले तरी ३६ भरण्यास २५ कमी पडतात. म्हणजे ठरावाच्या दिवशींच निम्मे करावयाचे तर २५ अधिकाऱ्यांस घरीं बसवावें लागलें असतें. ठरावानें कामावरील एकालाही काढावयास सांगितलेलें नाहीं. त्यांत बोलणें आहे तें रिकाम्या होणाऱ्या जागांविषयीं. जागा आणि रिकामी होणारी जागा यांतील हा भेद न केल्यामुळें स्तुति करणारा ठरावास नसलेलें सामर्थ्य चिकटवितो, तर निंदा करणारा नसलेला अन्याय. दोघांचीही चूक एकाच वजाबाकीची आहे.

आतां मुख्य प्रश्न. रिकाम्या जागांपैकीं निम्म्या देत गेल्यानें ११ चे ६० होतील काय? हें उदाहरण शाळेंतल्याप्रमाणें मांडून सोडवूं. एकूण जागा ७१ च्या ९५ झाल्या, वाढ २४. ब्राह्मणेतर ११ चे ६० झाले, वाढ ४९. ब्राह्मण ६० चे ३५ झाले, घट २५. चोवीस आणि पंचवीस मिळून एकूणपन्नास, तेव्हां ताळा जमतो. प्रत्येक रिकामी जागा ब्राह्मणेतरांसच दिली असें धरलें, तर २४ नव्या आणि २५ सुटलेल्या अशा ४९ जागांत काम भागतें. पण एकाआड एक जागा दिली असें धरलें, तर ४९ ब्राह्मणेतरांबरोबर ४९ ब्राह्मणही नेमावे लागतात. नेमणुका ९८ होतात. त्यांपैकीं नव्या जागा २४. म्हणून उरलेल्या ७४ जागा कोणी तरी सोडून गेल्याखेरीज रिकाम्या व्हावयाच्या नाहींत, आणि ब्राह्मणांची संख्या ३५ वर यावयाची तर ते ७४ ही सर्व ब्राह्मणच असले पाहिजेत. मूळचे होते ६०. ते साठही गेले, शिवाय नव्यानें नेमलेल्या ४९ पैकीं १४ गेले, आणि मूळच्या ११ पैकीं अथवा नव्या ब्राह्मणेतरांपैकीं एकही गेला नाहीं, इतकें घडलें तरच १९१२ चा आकडा निघतो. एखादा ब्राह्मणेतर अधिकारी निवृत्त झाला असेल तर हा बोजा आणखी वाढतो : असा एक गेला कीं ९८ च्या जागीं १०० नेमणुका व ७४ च्या जागीं ७५ ब्राह्मण.

हें अठरा वर्षांत अगदीं अशक्य आहे असें नव्हे. पण ठरावापासून १९१२ पर्यंत वर्षें दहाच होतात. दहा वर्षांत सगळी अधिकारीमंडळी मुळापासून पालटली असें मानण्यास फार धैर्य लागेल. यावरून एवढें निश्चित निघतें, कीं केवळ 'शेकडा पन्नास' या पहिल्या कलमानें तो फरक घडलेला नाहीं. तो घडण्यास दुसऱ्या कलमाची अंमलबजावणी, किंवा ठरावाच्या बाहेरची इच्छाशक्ति, किंवा दोन्ही लागलीं असलीं पाहिजेत.

त्या दुसऱ्या कलमाकडे चरित्रकारांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं, ही आश्चर्याची गोष्ट आहे. वस्तुतः ठरावाचें मर्म तेथेंच आहे. वीस जागांची एक कचेरी घ्या. तींत मागासलेल्या वर्गांतील दोन. रिकामी होणारी प्रत्येक जागा इतर वर्गांतील माणसाची आहे असें सोयीसाठीं धरूं. पहिल्या कलमानें, म्हणजे एकाआड एक जागा देऊन, दोनाचे दहा होण्यास १६ जागा रिकाम्या व्हाव्या लागतील. निम्मी संख्या भरेपर्यंत प्रत्येक नेमणूक याच वर्गांतून, असा दुसऱ्या कलमाचा अर्थ केल्यास ८ पुरतात. शिवाय लहान कचेरीत वर्षांतून एखादी जागा रिकामी होते. एका जागेचें शेकडा पन्नास काय? अर्धी जागा कोणास देतां येत नाहीं, आणि अशा अपूर्णांकाचा लाभ नेमणूक करणाराच्या मर्जीकडे जातो, हा सर्व कचेऱ्यांचा सनातन अनुभव आहे. दुसरें कलम ही पळवाट बंद करितें : प्रमाण कमी आहे ना, मग ही जागा अमुकाची.

येथें एक शंका उपस्थित करणें प्राप्त आहे. कलमाचा शब्दशः अर्थ केला तर 'सध्यां' प्रमाण कमी असलेल्या कचेरींत 'पुढील' एक नेमणूक, एवढाच होतो. प्रमाण भरेपर्यंत प्रत्येक नेमणूक, असा स्पष्ट शब्द नाहीं. संकुचित अर्थ घेतला तर दर कचेरीमागें एका माणसाचा लाभ, आणि वरील ९८ नेमणुकांचें गणित फारसें हलत नाहीं. विस्तृत अर्थ घेतला तर आकडे सहज जुळतात. आमचें मत विस्तृत अर्थाकडे झुकतें, कारण ठरावकर्त्यानें तिमाही तक्ते मागविले आहेत. एकदांच करावयाच्या नेमणुकीसाठीं दर तीन महिन्यांनीं कोणी तक्ता मागवीत नाहीं. परंतु हा तर्क आहे. त्याचें प्रमाण त्या तक्त्यांतच मिळावयाचें, आणि ठरावाची प्रतिमा पुनःपुन्हां छापण्यापेक्षां असा एकेक तक्ता छापणें अधिक उपकारक होईल.

रिकाम्या जागांचें प्रमाण आणि एकूण जागांचें प्रमाण हा भेद केवळ आमचा सूक्ष्मपणा आहे असें कोणास वाटूं नये. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयास हाच प्रश्न सोडवावा लागला, व राखीव प्रमाण संवर्गांतील एकूण पदांवर मोजावें, दर वर्षीं रिकाम्या होणाऱ्या जागांवर नव्हे, असा निर्णय झाला. त्यानंतर केंद्र सरकारास १९९७ सालीं आपली बिंदुनामावली त्या धोरणानें बदलावी लागली. करवीरच्या १९०२ च्या ठरावांत पहिलें कलम रिकाम्या जागांवर मोजणारें आणि दुसरें एकूण संख्येवर मोजणारें, अशीं दोन्ही मापें शेजारीं शेजारीं आहेत.

आतां स्वतः आकड्यांकडे वळूं. ७१ पैकीं ६० हा आकडा १८९४ चा आहे. ठराव १९०२ चा. मधलीं आठ वर्षें कोठें गेलीं? भास्करराव जाधवांसारख्यांची नेमणूक ठरावापूर्वीं, १८९५ सालींच झालेली होती. अर्थात् ठराव निघाला त्या दिवशींची आरंभीची संख्या ११ नव्हती. ठरावाचें फळ मोजावयाचें तर १९०२ चा आकडा पाहिजे. १८९४ चा आकडा फार तर एकंदर कारकीर्दीचें फळ मोजील. अठरा वर्षांची मिळकत एका कागदाच्या नांवें जमा करणें ही हिशेबांतील ढोबळ चूक होय.

दुसरें असें कीं, आकडे ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर असे आहेत, तर ठरावाची विभागणी पुढारलेले आणि मागासलेले अशी आहे. या दोन रेषा एक नव्हेत. १९१२ सालीं दिवाणपदावर असलेले रघुनाथराव सबनीस हे कायस्थ प्रभु. ब्राह्मणेतरांच्या ६० मध्यें ते मोजले गेले असतील, पण ठरावाच्या व्याख्येनें ते मागासलेले नव्हत. असे किती असतां ठरावाचा हेतु सिद्धीस गेला म्हणतां येईल? ९५ चे निम्मे साडेसत्तेचाळीस. निदान ४८ पाहिजेत. म्हणजे ६० मध्यें प्रभु, शेणवी, पारशी, युरोपियन इत्यादि मिळून १२ पर्यंत असतील तर निम्मी संख्या गांठली. १३ असतील तर नाहीं. इतक्या अरुंद पुलावरून आमचे चरित्रकार डोळे मिटून पलीकडे गेले आहेत. ६० पैकीं प्रत्येकाची जात शोधून काढणें संशोधकास रुचकर वाटणार नाहीं. पण ठरावानेंच तो निकष घालून दिला असतां तपासणारानें संकोच करून कसें चालेल?

बारा कीं तेरा, एवढ्यावर निर्णय अडतो हें वाचून कोणी हंसेल. ज्या कोल्हापुरांत गोपाळराव गोखल्यांनीं विद्यार्थिदशा काढली, व ज्या कागलांत त्याआधीं त्यांचें शिक्षण झालें, त्या गांवांस तरी हें हंसणें शोभणार नाहीं. गोखल्यांच्या अंकगणितानें पुढें कित्येक पिढ्यांकडून याहून अवघड उदाहरणें सोडवून घेतलीं. आणि श्रीशाहू महाराजांचें मूळ घराणेंही कागलचेंच.

शेवटीं कारकुनांचा आकडा. ५०० कारकुनांपैकीं ब्राह्मणेतर अवघे १०, असें १८९४ विषयीं सांगतात. ७१ आणि ६० या संख्या मोजलेल्या दिसतात. ५०० आणि १० या अदमासानें सांगितल्यासारख्या वाटतात. त्यांवरून शेकडा दोन हें प्रमाण काढावें, पण त्यापुढें दशांश लिहूं नयेत. तथापि अदमास म्हणूनही त्या पुष्कळ सांगतात. निम्मे म्हणजे २५०. त्यांत १० वजा जातां २४० माणसें पाहिजेत. एकाआड एक जागा द्यावयाची तर ४८० जागा रिकाम्या व्हाव्या लागतील, म्हणजे जवळजवळ सगळा दफ्तरखाना रिकामा व्हावा लागेल. प्रत्येक जागा द्यावयाची म्हटलें, तर मोडी व बाळबोध लिहिणारे, जमाखर्च ठेवणारे आणि वरच्या कचेऱ्यांसाठीं इंग्रजी जाणणारे २४० तरुण कोठून आणावयाचे? ठरावांत ते निर्माण करण्याची शक्ति नव्हती. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ सालीं, म्हणजे ठरावाच्या आदल्या वर्षीं, निघालें. त्यामागून निरनिराळ्या जातींचीं वसतिगृहें निघत गेलीं, आणि १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. चरित्रग्रंथांत नोकऱ्यांचा ठराव 'राज्यकारभार' या प्रकरणांत आणि वसतिगृहें 'शिक्षणकार्य' या प्रकरणांत, मधें पन्नास पानें सोडून, दिलेलीं असतात. या २४० माणसांचा हिशेब ज्यानें मांडला असेल त्याला हीं दोन प्रकरणें वेगळीं बांधतां येणार नाहींत.