व्यक्तिरेखेची स्मृती : मराठी मालिकांतील स्त्रिया

मराठी दैनंदिन मालिकांतील स्त्री-व्यक्तिरेखांची चर्चा बहुधा सोशिक नायिका आणि बंडखोर नायिका या जोडीभोवती फिरते. परंतु समीक्षेला ही जोडी फारशी उपयोगाची नाही, कारण सोसणारी आणि झुगारणारी या दोघीही एकाच साच्यातून निघू शकतात. त्याहून उपयुक्त कसोटी व्यक्तिरेखेच्या स्मृतीची आहे, म्हणजे तिने आधी जे केले, सहन केले किंवा इतरांवर लादले, त्याचे ओझे तिच्या पुढच्या वागण्यात जाणवते की नाही, याची.

या कसोटीवर 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९) मधील आसावरी बराच काळ टिकते. सासऱ्यांच्या शिस्तीत वावरणाऱ्या या विधवेचा दुसरा विवाह तिची सून शुभ्राच घडवून आणते, हे कथानक प्रोमोत शोभण्याजोगे आहे. आसावरीचे माणूसपण मात्र मुलाशी, म्हणजे बबड्याशी असलेल्या नात्यात उघड होते. बबड्याचा आळस आणि उद्धटपणा हे आसावरीच्याच लाडाचे फळ आहे, त्याची झळ सुनेला बसते आणि हे कळत असूनही तिच्याने त्याला नाही म्हणवत नाही. निवेदिता सराफ यांनी हा भिडस्तपणा रंगवताना तो केवळ दयनीय होऊ दिला नाही, त्यामुळे प्रेक्षकाला तिची कणव येत असतानाच तिचा रागही येतो, आणि टेलिव्हिजनच्या नायिकेवर रागावण्याची अशी मुभा क्वचितच मिळते.

मात्र २०२१ मध्ये आलेल्या 'अग्गंबाई सूनबाई' या पुढच्या भागात आसावरी उद्योग सांभाळणारी कर्तबगार स्त्री झालेली दिसते, तर पूर्वीची ठाम शुभ्रा आत्मविश्वास हरवून बसलेली. असे आयुष्यात घडत नाही असे नव्हे. किंबहुना एक ठाम मुलगी संसारात हळूहळू कशी मिटत जाते, हीच यातली सर्वांत मोलाची कथा होती. परंतु 'लीप'च्या, म्हणजे कथाकाळ एकदम काही वर्षांनी पुढे नेण्याच्या युक्तीमुळे ती पडद्याआडच संपली.

'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमोयी'वर आधारलेली मालिका २०१९ पासून सुमारे पाच वर्षे चालली. तिच्यातील अरुंधतीला प्रेक्षकांची सहानुभूती भरपूर लाभली, पण उत्तरोत्तर तिचे संवाद व्याख्यानांकडे झुकत गेले. त्या मानाने संजना अधिक गुंतागुंतीची आहे : अरुंधतीचा संसार मोडण्यास कारणीभूत ठरलेली ही नोकरदार स्त्री अरुंधतीच्या आधीच्या नवऱ्याशी, अनिरुद्धशी, लग्न करून त्याच्या म्हणजे देशमुखांच्या घरात येते, तेव्हा अरुंधतीला लागू असलेल्याच अपेक्षा तिच्याही वाट्याला येतात. खलनायिकेचा शिक्का बसलेल्या व्यक्तिरेखेतच अधिक जीव असावा, हे 'रात्रीस खेळ चाले'मधील शेवंताच्या बाबतीतही घडले. कदाचित नायिकेला नाकारलेली वासना आणि महत्त्वाकांक्षा तिथेच बिनदिक्कत लिहिता येते म्हणून.

वास्तविक व्यक्तिरेखेची स्मृती जपायला दैनंदिन मालिकेइतका दीर्घ अवकाश नाटकाला किंवा चित्रपटाला मिळत नाही. तरीही दर आठवड्याच्या टीआरपीनुसार, म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या मोजणीनुसार, एखादा 'ट्रॅक' (उपकथानक) लांबवला किंवा गुंडाळला जातो, आणि कथा, पटकथा व संवाद ही कामे अनेकदा वेगवेगळ्या हातांत असल्याने मागच्या वर्षी नायिका काय बोलून गेली होती, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाचीच राहत नाही.